स्वतःच माल सोडणाऱ्या बार्जची यांत्रिक रचना: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

गोव्यात बार्ज म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मांडवी आणि जुवारी नद्यांतून खनिज घेऊन मुरगाव बंदराकडे जाणारी लांबट, सपाट तळाची बोट. ती धक्क्यावर भरली जाते आणि बंदरात किंवा समुद्रात उभ्या असलेल्या जहाजाशेजारी क्रेनच्या ग्रॅबने उपसली जाते. तिच्या आराखड्यात माल बाहेर कसा पडेल याचा विचार करावाच लागत नाही, कारण ते काम दुसऱ्या कोणाचे तरी यंत्र करते. या लेखात ज्या बार्जविषयी लिहीत आहे, तिला मात्र गाळ, रेती किंवा दगड नेमलेल्या जागी नेऊन कोणत्याही क्रेनशिवाय, काही मिनिटांत पाण्यात सोडायचा असतो. नदीचे किंवा बंदराचे पात्र खोल करताना निघालेला गाळ समुद्रात नेऊन टाकणे आणि बंधाऱ्यासाठी दगड टाकणे ही तिची नेहमीची कामे आहेत.

आमच्याकडच्या यार्डांत काम शिकायला येणारी मुले साध्या बार्जचे आराखडे लवकर उचलतात, पण स्वतः माल सोडणाऱ्या बार्जपाशी अडखळतात. त्यांचा पहिला समज असा असतो की हायड्रॉलिक सिलिंडर माल बाहेर ढकलतात. प्रत्यक्षात माल खाली नेण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते आणि बार्ज उघडण्याचे बरेचसे काम पाण्याची उचल करते. यंत्राचे मुख्य काम, टाकण्याच्या जागी पोचेपर्यंत सगळे बंद धरून ठेवणे आणि पोचल्यावर ते आवरते घेत सोडणे, एवढेच आहे. ही गोष्ट मनात पक्की झाली की पुढची प्रत्येक गणना कशासाठी करायची ते आपोआप कळते, म्हणून लेखाचा सगळा क्रम मी तिच्याभोवती लावला आहे.

पहिली पायरी: माल हातात घेऊन पाहा

आराखड्याचा कागद उघडण्याआधी माल कोणता आहे ते ठरवावे, आणि शक्य असेल तर त्याचा नमुना बादलीत आणून पाहावा. ओल्या रेतीचे वजन घनमीटरला साधारण १.९ ते २ टन भरते, तर पाण्याने भरलेला मऊ गाळ १.२ ते १.४ टनांच्या आसपास असतो. म्हणजे एकाच आकाराच्या हॉपरमध्ये रेती भरली तर बार्ज वजनाने आधी भरते, आणि गाळ भरला तर जागेने आधी भरते. हॉपर म्हणजे माल ठेवण्याची मधली मोकळी खोली.

वजनाइतकेच महत्त्व मालाच्या वागण्याला आहे. निथळलेली रेती ढिगाने उभी राहते आणि तिचा नैसर्गिक उतार साधारण ३० ते ३४ अंशांचा असतो. पातळ गाळाला उतारच नसतो, तो पाण्यासारखा सपाट पसरतो आणि बार्ज कलली की त्याच बाजूला धावतो. चिकणमाती या दोन्हींपेक्षा त्रासदायक असते, कारण ती दोन भिंतींमध्ये कमान धरून अडकून बसते आणि खाली दार सताड उघडे असले तरी हलत नाही. आपल्या खाड्यांच्या कडेला, विशेषतः जिथे खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल) जमिनींचा गाळ वर्षानुवर्षे साचला आहे तिथे, रेती आणि चिकणमाती यांचे थर एकावर एक मिळतात. अशा ठिकाणी त्यांतल्या सर्वांत वाईट वागणाऱ्या थरासाठी आराखडा करावा, सरासरी मालासाठी करू नये.

दुसरी पायरी: नदी आणि टाकण्याची जागा

नदीतून जाताना किती पाणी मिळेल आणि माल टाकताना तळाखाली किती पाणी उरेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आपल्याकडचा प्रत्येक सारंग, म्हणजे बार्ज चालवणारा, जाणतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळचा आग्वादचा वाळूचा दांडा ओलांडणे धोक्याचे होते, तेव्हा मांडवीतल्या बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत येऊन मुरगाव गाठतात. सुमारे १७ किलोमीटरच्या त्या कालव्याने बार्जचा ड्राफ्ट (पाण्यात बुडालेली खोली) आणि रुंदी दोन्हींवर मर्यादा घातलेली आहे, आणि भरतीची वेळ चुकली तर वाट पाहत थांबावे लागते. आपली बार्ज त्या वाटेने जाणार असेल तर तिची मापे तिथूनच ठरतात.

दुसरा प्रश्न नवखे लोक हमखास विसरतात. तळाला दारे असलेल्या बार्जची दारे उघडली की ती खाली लोंबतात, आणि तेवढ्या वेळापुरता बार्जचा ड्राफ्ट दाराच्या लांबीइतका वाढतो. शिवाय सोडलेला माल लगेच पसरून नाहीसा होत नाही, बार्जच्याच खाली त्याचा ढीग उभा राहतो. उथळ जागी ५०० घनमीटर रेती एकदम सोडली तर दारे त्या ढिगात रुतून बंद होईनाशी होतात. म्हणून टाकण्याच्या जागेची खोली ओहोटीच्या पातळीला धरून मोजावी, तिच्यातून ढिगाची अपेक्षित उंची वजा करावी आणि मगच उरलेल्या पाण्यात कोणती रचना बसते ते पाहावे.

तिसरी पायरी: तीन रचनांपैकी एक निवडणे

पहिली रचना तळदारांची. हॉपरच्या तळाला दोन रांगांत दारे असतात आणि ती साखळ्यांनी किंवा हायड्रॉलिक दांड्यांनी वर ओढून बंद ठेवलेली असतात. यात बार्जचा सांगाडा अखंड राहतो, हा मोठा फायदा. हॉपरमध्ये ४ मीटर उंचीचा आणि १.८ टन घनतेचा माल असेल तर दारावर वरून प्रत्येक चौरस मीटरला ७.२ टन भार येतो, आणि ३.२ मीटर ड्राफ्टला खालून समुद्राचे पाणी सुमारे ३.३ टनांनी वर ढकलते. उरलेले ३.९ टन दांड्याने पेलायचे असतात, म्हणजे ५ चौरस मीटरच्या एका दाराला साधारण २० टन. हा आकडा मोठा नाही, पण अशी आठ-दहा दारे, त्यांचे तितकेच दांडे, बिजागऱ्या आणि सील यांची देखभाल करायची म्हणजे माणसे गुंतून राहतात. एका दारात दगड अडकला तरी पूर्ण फेरी वाया जाते.

दुसरी रचना दुभंगणाऱ्या बार्जची, जिला यार्डात सगळे स्प्लिट बार्ज म्हणतात. ही बार्ज म्हणजे लांबीने चिरलेली दोन अर्धी धडे असतात. ती डेकच्या पातळीवर पुढे आणि मागे बिजागऱ्यांनी जोडलेली असतात आणि तळाशी सिलिंडरांनी आवळून धरलेली असतात. सिलिंडर सैल केले की दोन्ही धडे शिंपल्यासारखी तळाशी फाकतात आणि माल मधून खाली जातो. खाली काहीही लोंबत नाही, उलट माल सुटताच बार्ज वर उचलली जाते, त्यामुळे उथळ पाण्यात ती तळदारांच्या बार्जपेक्षा सुरक्षित ठरते.

तिसरी रचना कलणाऱ्या बार्जची. तिच्यात माल सपाट डेकवर असतो आणि एका बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन बार्ज इतकी कलवतात की माल घसरून पडतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर लाकडाचे ओंडके नेण्यासाठी ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. दगडांसाठीही ती चालते, पातळ गाळासाठी अर्थातच नाही.

गोव्यासारख्या उथळ खाड्यांच्या आणि मिश्र गाळाच्या प्रदेशासाठी माझे मत दुभंगणाऱ्या बार्जच्या बाजूने आहे, म्हणून पुढचा बहुतेक विस्तार तिच्याविषयी आहे.

चौथी पायरी: हॉपरचा आकार काढणे

हिशेब समजण्यासाठी एक बार्ज डोळ्यांसमोर धरू. लांबी ४८ मीटर, रुंदी १० मीटर, डेकची उंची ४ मीटर, भरलेला ड्राफ्ट ३.२ मीटर आणि ब्लॉक कोइफिशंट (बुडालेला भाग त्याच मापांच्या चौकोनी ठोकळ्याच्या किती पट आहे ते) ०.८५. खाऱ्या पाण्यात तिचे विस्थापन, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, सुमारे १,३४० टन भरते. पोलाद, इंजिने आणि सामान मिळून ४०० टन, इंधन, पाणी आणि माणसे यांचे ३० टन धरले तर मालासाठी सुमारे ९०० टन उरतात. १.८ टन घनतेचा माल म्हणजे ५०० घनमीटर.

हॉपरची लांबी २६ मीटर ठेवू, म्हणजे पुढे आणि मागे बिजागऱ्या, सिलिंडर आणि यंत्रखोली यांना जागा मिळेल. वरची रुंदी ७.४ मीटर, वरचा एक मीटर उभी भिंत आणि त्याखाली दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरणारा उतार. हा उतार सुमारे ४२ अंशांचा येतो. तो पाहून नवख्या माणसाला वाटते की चिकट माल यावर थांबून राहील. पण इथे दुभंगण्याची रचना मदतीला येते. प्रत्येक धड १२ अंशांनी फिरले की त्याच्या आतली भिंतही १२ अंशांनी जास्त उभी होते आणि उतार ५४ अंशांवर जातो. त्याच वेळी डेकपासून ४ मीटर खाली असलेली तळाची फट सुमारे १.६५ मीटर रुंद होते. तळदारांच्या बार्जमध्ये भिंती जागच्या हलत नाहीत, त्यामुळे तिथे हा उतार बांधणीतच जास्त उभा ठेवावा लागतो आणि हॉपरची जागा तेवढी कमी होते.

आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्यावी. आडव्या पट्ट्या, स्टिफनर किंवा पाइपचे आधार हॉपरच्या आत कधीही आणू नयेत, ते बाहेरच्या कोरड्या टाक्यांच्या बाजूने लावावेत. आत राहिलेली एक आडवी पट्टी चिकणमातीला कमान धरायला पुरेशी होते.

पाचवी पायरी: उघडणारे आणि मिटवणारे मोमेंट

आराखड्याचे सगळे बरेवाईट या पायरीवर ठरते. एक अर्धे धड आणि त्यातला अर्धा माल यांचा मिळून एकच तुकडा समजावा आणि डेकच्या बिजागरीभोवती प्रत्येक बळाचे मोमेंट, म्हणजे बळ गुणिले त्याचे बिजागरीपासूनचे अंतर, काढावे. तळ बाहेर फिरवणारे ते उघडणारे, तळ आत आणणारे ते मिटवणारे.

पाण्याची उचल धडाच्या साधारण मध्यातून, बिजागरीपासून २.४ मीटर बाहेर, वर लागते. ६७० टनांच्या उचलीचे मोमेंट सुमारे १,६०० टन-मीटर होते, आणि ते उघडणारे असते. धडाचे स्वतःचे वजन, यंत्रे आणि इंधन धरून, खाली लागते आणि ते मिटवणारे असते. २१५ टन आणि २.९ मीटर धरल्यास ते ६२० टन-मीटर. अर्ध्या मालाचे ४५० टन वजनही खाली लागते, पण माल मध्याजवळ असल्यामुळे त्याचे अंतर जेमतेम १.४५ मीटर असते, म्हणजे ६५० टन-मीटर मिटवणारे.

आता आडवी बळे. हॉपरच्या लांबीत बाहेरचे पाणी धडाला आत दाबते. त्याचे २६ मीटर लांबीवर सुमारे ४०० टन-मीटर होतात, हेही मिटवणारे. हॉपरच्या पुढे आणि मागे, दोन धडांमधल्या फटीत पाणी असतेच, त्यामुळे तिथला दाब दोन्ही बाजूंनी सारखा होऊन निघून जातो. शेवटचे आणि सर्वांत फसवे बळ म्हणजे मालाचा आतून बाहेर पडणारा दाब. माल पूर्ण पातळ असेल तर तो द्रवासारखा दाबतो आणि त्याचे सुमारे ९२० टन-मीटर उघडणारे मोमेंट येते. निथळलेल्या रेतीचा आडवा दाब उभ्या दाबाच्या साधारण ०.४ पट असतो, म्हणून तिच्यासाठी हाच आकडा ३७० च्या जवळ येतो.

बेरीज करून पाहा. पातळ मालासाठी १,६०० मध्ये ९२० मिळवून ६२०, ६५० आणि ४०० वजा केले की ८५० टन-मीटर उघडणारे मोमेंट उरते. निथळलेल्या रेतीसाठी ते सुमारे ३०० टन-मीटर. एकच बार्ज, तेवढेच वजन, तरीही सिलिंडरवरचा भार जवळजवळ तिप्पट बदलतो. रेतीच्या कामासाठी बांधलेली बार्ज कोणी नंतर गाळाच्या कामाला लावली, तर ती वजनाने हलकी भरलेली असूनही तिचे सिलिंडर अपुरे पडू शकतात. म्हणून मालक कितीही सांगो की आम्ही फक्त रेतीच नेणार, मोमेंट काढताना माल पातळ आहे असेच धरावे.

रिकाम्या स्थितीचे गणित वेगळे करावे. माल गेला की हॉपरमध्ये बाहेरच्याइतकेच पाणी शिरते, आणि धड केवळ स्वतःच्या बंद टाक्यांच्या जोरावर तरंगते. आपल्या उदाहरणातली बार्ज आता सुमारे १.३ मीटर ड्राफ्टवर येते. धडाचे वजन आणि त्याची उचल आता सारखी असते, आणि फरक उरतो तो फक्त त्यांच्या अंतरांचा. पोलादाचे गुरुत्वकेंद्र उचलीच्या केंद्रापेक्षा थोडे बाहेर असेल तर बार्ज आपोआप मिटते. हा फरक हातभर अंतराचाही नसतो, आणि यंत्रखोलीतला जनरेटर मध्याकडे सरकवल्याने तो नाहीसा होऊ शकतो. म्हणून जड यंत्रे शक्य तितकी बाहेरच्या बाजूला ठेवावीत, आणि प्रत्येक वेळी मांडणी बदलली की हे गणित पुन्हा करावे.

सहावी पायरी: सिलिंडर, बिजागरी आणि सील

सिलिंडर बिजागरीपासून ३ मीटर खाली बसवले तर ८५० टन-मीटरसाठी एकूण २८३ टन ओढ लागते, आणि पुढे एक व मागे एक धरल्यास प्रत्येकी १४२ टन. इथे सिलिंडर ओढतो, ढकलत नाही, त्यामुळे तेलाचा दाब दांड्याच्या बाजूच्या कडीसारख्या क्षेत्रफळावर लागतो. ३२० मिलिमीटर बोअर आणि १६० मिलिमीटर दांडा घेतल्यास दाब सुमारे २३० बार येतो. बोअरचे पूर्ण क्षेत्रफळ धरून हिशेब करण्याची चूक मी अनेक आराखड्यांत पाहिली आहे, आणि ती कागदावर चटकन दिसत नाही. १२ अंश उघडण्यासाठी दांड्याची चाल सुमारे १.२५ मीटर लागते.

प्रवासात या सिलिंडरांवर तासन्तास भार असतो. त्यामुळे तेल अडवणारा लॉक व्हॉल्व सिलिंडरच्या अंगावरच बसवावा, पाइपच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. होज फुटली तरी बार्ज वाटेत उघडता कामा नये. त्याशिवाय भरलेल्या प्रवासासाठी पोलादी पिन किंवा आकडा असलेले यांत्रिक कुलूप वेगळे द्यावे. उघडताना तेल अरुंद वाटेने सोडावे, म्हणजे उघडण्याचा वेग आपल्या हातात राहतो. आणि वीज गेली तरी हाताने व्हॉल्व फिरवून माल सोडता आला पाहिजे, कारण बार्ज रुतली किंवा एखाद्या टाकीत पाणी शिरले तर माल सोडून देणे हाच बचावाचा पहिला उपाय असतो. गाळवाहू जहाजांना कामाच्या वेळी नेहमीपेक्षा कमी फ्रीबोर्डवर (पाण्यापासून डेकपर्यंतच्या उंचीवर) चालू देतात, तेही माल झटपट सोडता येतो याच भरवशावर.

बिजागरीवरचे बळ दिशा बदलते, हे लक्षात ठेवावे. भरलेल्या बार्जमध्ये सिलिंडर तळाला आवळतात तेव्हा वर बिजागरीत दोन्ही धडे एकमेकांवर दाबली जातात. उघडताना आणि लाटांत तो दाब सैल होतो, उलटही होतो. त्यामुळे पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांच्यातली झीज एकाच बाजूला न होता बुश लंबगोल होत जातो. गाळाचे बारीक कण आणि खारे पाणी त्यात भर घालतात. ग्रीस लावण्याची नळी प्रत्येक बुशापर्यंत नेऊन तिचे तोंड डेकवर उभ्या माणसाच्या हाताला येईल असे ठेवावे. जिथे पोचायला वाकावे लागते तिथे ग्रीस लागत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

वरचे घर, म्हणजे सुकाणूची खोली आणि राहण्याची जागा, कोणत्याही एका धडाला घट्ट जोडता येत नाही. ते दोन्ही धडांवर बिजागऱ्यांनी टेकवून मधोमध ठेवतात, म्हणजे धडे फाकली तरी ते सरळ उभे राहते. इंधन, तेल, वीज आणि आगीचे पाणी यांच्या ज्या ज्या वाहिन्या एका धडातून दुसऱ्यात जातात, त्या सगळ्यांना पूर्ण उघडलेल्या स्थितीत पुरेल इतका झोल असलेली लवचीक होज लागते.

सीलबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याने मला एकदा चांगलाच धडा दिला आहे. जुवारीच्या काठावरच्या एका यार्डात आम्ही दुरुस्तीनंतर एका बार्जची चाचणी घेत होतो. स्लिपवेवर असताना तळाची फट लांबीभर फीलर गेजने तपासली होती आणि रबर सर्वत्र सारखे दाबले गेले होते. बार्ज भरून निघाली तेव्हा मागे पाण्यावर तांबूस रेघ उमटली, आणि टाकण्याच्या जागी पोचेपर्यंत ती तुटली नाही. आमच्या जुन्या फिटरने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "साहेब, ही आता बंद दिसते ती रिकामी आहे म्हणून. पाणी भरून बघा." मी ते मनावर घेतले नव्हते. झाले असे होते की मालाच्या आतल्या दाबाने दोन्ही धडे मध्यभागी धनुष्यासारखी बाहेर वाकली होती. सिलिंडर दोन्ही टोकांना होते, ते टोके घट्ट धरून होते, आणि हॉपरच्या मधोमध तळाला बोट जाईल एवढी फट पडली होती.

यातून दोन कामे निघतात. प्रत्येक धडाची ताकद तपासताना नेहमीचे उभे वाकणे तर पाहावेच, पण आडवे वाकणेही तितक्याच काळजीने पाहावे. दुभंगलेल्या धडाचा छेद एकांगी असल्यामुळे ही दोन्ही वाकणी एकमेकांत मिसळतात, आणि साध्या सूत्राने ती सुटी करता येत नाहीत. दुसरे, सीलचे रबर निवडताना त्याची दाबले जाण्याची मर्यादा या आडव्या वाकण्यापेक्षा जास्त असावी. पोलाद पोलादाला टेकण्यासाठी स्वतंत्र ठोकळे द्यावेत, म्हणजे बंद करतानाचा सगळा जोर रबरावर येत नाही. रबराच्या पट्ट्या तुकड्यातुकड्यांनी, बोल्टने बदलता येतील अशा बसवाव्यात.

सातवी पायरी: भरलेली, सुटताना आणि रिकामी, या तिन्ही वेळांची स्थिरता

मेटासेंटर म्हणजे बार्ज किंचित कलली की उचलीची रेषा तिच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू, आणि गुरुत्वकेंद्रापासून त्याची उंची ती मेटासेंट्रिक उंची. माल घट्ट आहे असे धरले तर भरलेल्या बार्जचे मेटासेंटर चांगले उंच दिसते. आपल्या उदाहरणात मेटासेंट्रिक उंची सुमारे २.१ मीटर येते. पण माल पातळ असेल तर हॉपरचा २६ मीटर लांब आणि ७.४ मीटर रुंद मोकळा पृष्ठभाग त्यातले जवळजवळ १.२ मीटर खाऊन टाकतो, आणि हातात ०.९ मीटर उरते. हॉपरची रुंदी या हिशेबात घनाने येते, म्हणून रुंदी थोडी वाढवली तरी स्थिरता झपाट्याने घटते.

रिकाम्या बार्जचे उलट असते. हॉपरमध्ये पाणी असले तरी दोन्ही बाजूंच्या टाक्यांमुळे ती फार ताठ होते, लहान लाटेवरही झटके देत डोलते, आणि त्या झटक्यांचा त्रास बिजागऱ्यांना व माणसांना होतो.

खरी काळजी मधल्या क्षणाची करावी. एका धडातला माल सुटला आणि दुसऱ्यात २०० टन चिकणमाती मध्यापासून २ मीटरवर चिकटून राहिली, तर आपल्या बार्जचा कल ७ अंशांच्या पुढे जातो, आणि तोही ती वर उसळत असताना. कललेल्या बार्जमध्ये धडे मिटवायचा प्रयत्न केला तर चिकटलेला माल फटीत येऊन सील फाडतो. अशा वेळी आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने भिंत धुवावी. त्यासाठी हॉपरच्या दोन्ही काठांवर नळ्या आराखड्यातच दाखवाव्यात.

आठवी पायरी: कलणारी बार्ज निवडली असेल तर

इथे कळीची संख्या घर्षणाची आहे. दगड आणि पोलादी डेक यांच्यातला घर्षणांक ०.५ धरला तर माल घसरायला सुमारे २७ अंशांचा कल लागतो. १५ मीटर रुंदीच्या बार्जची एक कड तेव्हा मध्याच्या तुलनेत ३.४ मीटर खाली जाते, म्हणजे डेकची कड पाण्यात बुडते आणि दुसऱ्या बाजूचा तळ वर येतो. एवढ्या कलापर्यंत बार्जला परत सरळ उभे राहण्याची ताकद शिल्लक असली पाहिजे, आणि डेकवरची प्रत्येक झडप व झाकण पाणी न शिरणारे असले पाहिजे.

कलवण्याच्या टाक्या जर रिकाम्या बार्जच्या पाणरेषेच्या वर येतील अशा उंचीवर ठेवल्या, तर माल पडून बार्ज वर उचलली गेल्यावर त्यांतले पाणी पंपाशिवाय आपोआप बाहेर जाते. मला या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. माल एका बाजूला घसरताना बार्ज मात्र जोराने विरुद्ध बाजूला सरकते, म्हणून त्या बाजूला टग किंवा होडी उभी करू नये आणि बार्जवर माणूस ठेवू नये. टाक्यांच्या झडपा दुरून उघडण्याची सोय करावी.

नववी पायरी: मंजुरी आणि चाचणी

आराखडा पक्का करण्याआधीच वर्गीकरण संस्थेशी, म्हणजे आराखडा आणि बांधणी तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेशी, बोलणे सुरू करावे. आपल्याकडे बहुतेक वेळा ती इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग असते. नदीत चालणाऱ्या नौकांना २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा लागू होतो, आणि गोव्यात नोंदणी व तपासणीचे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खाते पाहते. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग आहेत. बार्ज नदीच्या हद्दीबाहेर समुद्रात माल टाकणार असेल तर तिच्यावर वेगळे नियम येतात, आणि ते फ्रीबोर्डपासून माणसांच्या संख्येपर्यंत सगळे बदलून टाकतात. म्हणून टाकण्याची जागा पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावी.

चाचणी चार टप्प्यांत घ्यावी. पहिल्यांदा रिकाम्या बार्जने धक्क्याजवळच्या संथ पाण्यात धडे उघडून मिटवावीत, आणि पंप बंद ठेवून ती आपोआप मिटतात का ते पाहावे. दुसऱ्यांदा हॉपरमध्ये फक्त पाणी भरावे, बाहेरच्या पातळीपेक्षा वरपर्यंत, आणि एक रात्र ठेवून सकाळी पातळी किती उतरली ते मोजावे. सील आणि आडवे वाकणे या दोन्हींचा अंदाज या एका रात्रीत येतो, आणि चूक निघालीच तर नुकसान फक्त पाण्याचे होते. तिसऱ्यांदा अर्धा माल भरून टाकावा, शक्यतो रेती. चौथ्यांदा पूर्ण माल, आणि या वेळी मुद्दाम वीज बंद करून हाताच्या व्हॉल्वने सोडावा. प्रत्येक टप्प्यात दोन्ही सिलिंडरांचे दाब दर मिनिटाला लिहून ठेवावेत. पुढचा आणि मागचा दाब सारखा वाढत नसेल तर माल एका टोकाला जास्त भरला आहे किंवा एक बिजागरी जाम आहे, आणि या दोन्ही गोष्टी गाळ टाकायला समुद्रात जाण्याआधी धक्क्यावरच सापडलेल्या बऱ्या.

चाचणी संपल्यावर बार्ज स्लिपवेवर घेऊन पिन काढून बुश मोजावेत, आणि ती मापे आराखड्याच्या त्याच पानावर लिहून ठेवावीत जिथे मोमेंटचा हिशेब आहे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर काम थंडावलेले असताना, तीच मापे पुन्हा घेऊन शेजारी लिहावीत.